तोफेच्या बोटांची खोड

बाजाराच्या मागच्या गल्लीत जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून देणारं एक दुकान आहे. त्याच्या मालकिणीला सगळी गल्ली 'तोफ' म्हणते. तोंडावर नव्हे, तोंडावर 'बाई'. पण तिला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. एकदा एका गिऱ्हाइकाने तिने भरलेल्या खुर्चीला 'जरा कडक झाली' म्हणून नावं ठेवली. ती म्हणाली, "खुर्ची कडक नाही, तुम्हाला सरळ बसायची सवय नाही." गिऱ्हाईक फणफणत निघून गेलं आणि पुढच्या महिन्यात घरातला सोफा घेऊन परत आलं.

तर या तोफेला स्तनाचा कॅन्सर झाला. तो पकडला तिनेच. त्याचं असं आहे, की खुर्चीत काथ्या भरून वरून कापड ताणलं की त्यावरून सावकाश हात फिरवावा लागतो. आत कुठे काथ्याचा गोळा राहिला असेल तर तो बोटांना लागतो. तिथे अंगठ्याने दाबायचं, मुठीने रगडायचं, आणि तो मोडेपर्यंत सोडायचं नाही. नाहीतर गिऱ्हाईक महिन्याभरात बोंब मारत येतं. इतकी वर्षं हे केल्यावर तोफेच्या बोटांना जाड रेक्झिनखालचा वाटाण्याएवढा गोळासुद्धा कळायचा. एके दिवशी अंघोळ करताना त्याच बोटांना डाव्या बाजूला तसंच काहीतरी लागलं. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरकडे हजर. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा कॅन्सरची बातमी ऐकतानाही तोफेने आपल्या बोटांकडे जरा कौतुकाने पाहिलं होतं.

पुढे जे व्हायचं ते सगळं झालं. डावा स्तन काढला. केमो झाली, केस गेले, तोंड आलं. बारीक खिळे ओठांत धरून एकेक काढून ठोकायची तिची पद्धत होती, तीही बंद पडली. मग रेडिएशन. आणि एक दिवस डॉक्टर म्हणाल्या, उपचार संपले, आता तपासणीला येत राहायचं.

उपचार संपले की लोक टाळ्या वाजवून आपापल्या घरी जातात. "सुटलीस बाई! आता काय, ठणठणीत!" असं म्हणायला येणाऱ्यांची रांग लागली. केस परत आले होते, गालांवर रंग आला होता. म्हणजे बरी झाली. आता हिला साधी बादली उचलताना अर्ध्यातच हात गळून का पडतात, हे कुणी विचारायचं? तोफेला दमणं काही नवं नव्हतं. दिवसभर ठोकाठोकी केली की माणूस दमतोच. जेवतो, झोपतो, सकाळी उठतो. हा थकवा मात्र झोपेला दाद देईना. तो सांगून येत नसे आणि काम पाहूनही येत नसे. कधी सगळं घर झाडून झालं तरी काही नाही, आणि कधी नुसती चप्पल घालताना वाटे, की आता इथेच भिंतीला टेकून बसावं आणि कुणीही हाक मारू नये.

नवरा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. वर्गात त्याचा आवाज मोठा होता म्हणतात. घरात एक तोफ पुरे, असा त्याने लग्नानंतर लगेच निर्णय घेतला असावा. आजारात त्याने तिचं सगळं केलं. औषधं, डबे, उलट्या, रात्रीची जागरणं, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. पण आता त्याला थांबता येईना. दुकानातली सगळ्यात मोठी, हात असलेली खुर्ची त्याने हमालाकडून घरी आणवली, खिडकीशी ठेवली आणि म्हणाला, "अगं, आता बस जरा."

जन्मभर दुसऱ्यांच्या बसण्याची सोय केलेल्या बाईला बस म्हणणं सोपं नसतं. ती बसली. एक महिना बसली, दोन महिने बसली. समोरच्या इमारतीत कोण किती वाजता कपडे वाळत घालतं ते तिला पाठ झालं. तिसऱ्या महिन्यात तिने त्या खुर्चीला एक लाथ घातली आणि दुकानाची किल्ली घेतली.

दुकान एवढे दिवस नणंदेने सांभाळलं होतं. ती नवऱ्याची धाकटी बहीण; शिवणयंत्र तिचं, हातोडी तोफेची, अशी त्यांची जुनी वाटणी. दोघींचं रोज भांडण होई आणि एकीवाचून दुसरीला जेवण जात नसे. तोफ खुशीत असली की तिला नावाने हाक मारी आणि बिनसलं की 'वन्सं'. त्या दिवशी ती दुकानात शिरली आणि पहिलाच शब्द निघाला, "वन्सं, माझ्या टेबलावर हा पसारा कुणाचा?" नणंदेने पसारा उचलला, तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

नाट्यगृहाचा मॅनेजर आला तो त्याच आठवड्यात. नाट्यगृह जुनं, खुर्च्या त्याहून जुन्या. सगळ्याच्या सगळ्या नव्याने भरायच्या होत्या. नाही जमलं तर कारखान्यातून प्लास्टिकच्या आणणार होता. नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, नाही म्हण. एवढं नाही होणार आपल्याला." तोफेने ऐकलं न ऐकलंसं केलं. तिला स्वच्छ दिसत होतं, की आज नाही म्हटलं तर यापुढे सगळे आधी नणंदेकडे बघणार आणि मग तिच्याकडे. आणि मग खिडकीजवळची ती खुर्ची आहेच, वाट पाहत.

"घेतलं काम," ती म्हणाली.

घरी यावरून जे व्हायचं ते झालं. शेवटी नवऱ्याने एक अट घातली. "अंगाला कुठेही, काहीही वेगळं वाटलं, तर त्याच दिवशी मला सांगायचं. आणि मग काम बंद. कबूल?"

"कबूल," तोफ म्हणाली.

आता नशिबाची थट्टा बघा. खुर्च्यांची पहिली खेप दुकानात उतरली आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी, अंघोळीच्या वेळी, व्रणाच्या जरा आत, छातीच्या मधल्या हाडाजवळ तिच्या बोटांना काहीतरी लागलं. टणक. हलत नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. पाणी वाहत होतं ते वाहू दिलं. परत दाबलं. होतंच. मग तिने अंग पुसलं, कपडे घातले, बाहेर येऊन चहा घेतला आणि नवऱ्याने "बरी आहेस ना?" असं विचारल्यावर "मला काय धाड भरलीय?" म्हणून दुकानात निघून गेली.

सांगितलं असतं तर? काम बंद. खुर्च्या परत. पुन्हा त्या सुया, तो वास, ते बादलीवर ओणवणं. आणि नाही सांगितलं तर? त्याचं उत्तर तिला माहीत होतं, म्हणून तिने तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. तिने मनाशी एवढंच ठरवलं, की आधी या खुर्च्या होऊ देत. परत यायचंच असेल त्याला, तर येऊ दे, मी कामात आहे. बाहेर बस म्हणावं.

म्हणणं सोपं होतं. बोटांना कोण समजावणार? खुर्चीच्या तळाची पट्टी ताणली की हात एप्रनखाली. खिळा ठोकला की हात एप्रनखाली. आहे का अजून? आहे. वाढलं का? आणि खोड ती खोड, गोळा लागला की बोटं नुसती चाचपून थांबत नसत. अंगठा आपोआप रुतायचा, गोल गोल रगडायचा. मोडतोय का बघायचा. दहा-बारा दिवसांत तिथे हात लावला तरी कळ येऊ लागली. मग सूज दिसायला लागली. वाढतंय, ती मनात म्हणाली, वाढतंय. थकवाही वाढला होता. गणित नवऱ्याचं असलं तरी ही बेरीज तिला येत होती: गाठ अधिक थकवा, म्हणजे तो परत आला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं. पण आपली तोफ भ्यालेली असली की जास्तच गरजते. तिने मॅनेजरला झापलं, कापडवाल्याला झापलं, नणंदेला दिवसातून दहा वेळा 'वन्सं' म्हटलं. दोन माणसांचं काम एकटीने ओढायला लागली. आणि एका दुपारी नुकत्याच भरलेल्या खुर्चीची बैठक नीट झाली का बघायला म्हणून बसली, ती बसल्या जागी झोपून गेली. गिऱ्हाइकाच्या मालावर बसून राहायचं नाही, हा तिचाच नियम. नणंदेने शिवणयंत्र थांबवलं आणि वळून पाहिलं. वहिनी झोपली होती, तोंड उघडं होतं, आणि उजवा हात एप्रनखाली होता. झोपेतसुद्धा अंगठा रगडत होता.

नणंदेने तिला हलवून उठवलं नाही. ती समोर स्टूल घेऊन बसली, तोफेने डोळे उघडेपर्यंत. मग म्हणाली, "केव्हापासून आहे?"

"काय केव्हापासून?"

"वहिनी, मी तुझ्यासमोर वीस वर्षं बसतेय. काथ्यात गाठ लागली की तुझा हात कसा चालतो ते मला आंधळीलासुद्धा कळेल. केव्हापासून आहे?"

तोफेने सांगितलं. सांगताना आवाज मोठा ठेवायचा प्रयत्न केला, पण मध्येच तो फाटला. "तुझ्या दादाला सांगू नकोस," ती म्हणाली. "काम काढून घेतील माझं."

"दादाचं नंतर बघू. आधी चपला घाल."

"अगं पण खुर्च्या..."

"खुर्च्यांना पाय आहेत पण त्या कुठे पळून जात नाहीत. चपला घाल म्हणते ना!" नणंद एवढ्या जोरात ओरडली, की समोरचा चांभार उठून दारात आला. गल्लीत त्या दिवसापुरत्या दोन तोफा झाल्या होत्या.

दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या. तोफेचा हात पुन्हा वर जाऊ लागला की नणंद तो धरून मांडीवर ठेवी. तोफ भिंतीकडे बघत होती. एवढं सगळं सोसलं ते फुकट गेलं, असं तिला वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा सोसायला अंगात ताकदच उरली नाही असं वाटत होतं. मरणाची भीती होतीच. पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची भीती तिच्यापेक्षा मोठी होती, आणि हे कुणाला सांगितलं तर कृतघ्नपणा वाटेल म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर वयस्कर होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी तपासलं. बराच वेळ तपासलं. "दुखतं?"

"दुखतं."

"रोज हात लावता?"

नणंद म्हणाली, "दिवसातून पन्नासदा. आणि लावत नाही, रगडते."

डॉक्टरांनी तोफेचा उजवा हात घेतला आणि तिच्याच उजव्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाशी ठेवला. "इथे दाबा. अजून. लागतंय काही?"

तिथेही तसंच टणक, न हलणारं काहीतरी होतं. "दोन्हीकडे?" ती पुटपुटली.

"दोन्हीकडेच असतं. माझ्याही आहे, तुमच्या नणंदेच्याही. बरगडी म्हणतात त्याला. ती इथे मधल्या हाडाला जोडलेली असते. डावीकडे आता वर झाकायला काही उरलं नाही, म्हणून थेट हाताला लागते."

"आणि ही सूज?"

"ही तुम्ही केलीत," डॉक्टर म्हणाल्या. "इतकं रगडल्यावर दगडसुद्धा सुजेल."

मग नणंदेला हसू फुटलं. ते दाबायला तिने तोफेच्या काढून ठेवलेल्या एप्रनचं टोक तोंडात धरलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. स्वतःची बरगडी काथ्याची गाठ समजून मोडायला निघालेली बाई जगात दुसरी झाली नसेल.

तरी डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, रक्तही पाहिलं. त्या वेळात मात्र दोघींपैकी कुणीही हसलं नाही. शेवटी डॉक्टर कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "काही नाही. स्वच्छ आहे."

तोफेने श्वास सोडला आणि लगेच पुढचं विचारलं. "परत येणार नाही ना?"

"आज नाही, एवढं सांगते. उद्याचं मला सांगता येत नाही."

"मग मी या थकव्याचं काय समजायचं?"

"तो उपचारांचा आहे. उपचार संपले म्हणून तो संपत नाही. महिनोन्‌महिने राहतो, कुणाकुणाला त्याहून जास्त. नुसता थकवा आला म्हणजे आजार परत आला असं नाही. रोज थोडं चाला, काम करा, पण गळून पडायच्या आधी थांबा. महिन्यातून एकदा सपाट बोटांनी तपासा, रगडायचं नाही. नवीन काही लागलं तर लपवायचं नाही, यायचं." कागद तिच्या हातात देत त्या पुढे म्हणाल्या, "या वेळी बरगडी निघाली. पण लपवलंत हे चूक केलंत."

यावर तोफेने चक्क मान खाली घातली. नणंदेने ही गोष्ट पुढे सगळ्या नातेवाइकांना सांगितली.

घरी नवऱ्याने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा वर्गातला आवाज घरात निघाला. "कबूल केलं होतंस! माझ्यासमोर कबूल केलं होतंस! मी इथे रोज तुझ्या तोंडाकडे बघून दिवस काढतोय, आणि तू? कुणाचं ऐकायचंच नाही! जित्याची खोड..."

आणि तो मध्येच थांबला. पुढचे शब्द कुठले आहेत ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणा की पुढे," तोफ म्हणाली. "मेल्याशिवाय जात नाही. मी मेले नाही, म्हणून गेली नाही. त्यात एवढं घाबरायला काय झालं?"

तो मटकन खाली बसला, नेमका त्याच मोठ्या खुर्चीत. दोघंही हसायला लागली आणि हसता हसता तोफ रडली. दवाखान्यात रडली नव्हती, आधीही कधी त्याच्यासमोर रडली नव्हती. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "रोज वाटते. उठल्यावर पहिली तीच. पण खिडकीत बसवून ठेवलंत म्हणून ती कमी होत नाही. उलट तिला आणि मला दोघींना तिथे भरपूर वेळ मिळतो. दुकानात निदान मला कामं असतात."

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची हमालाच्या डोक्यावरून दुकानात परत गेली. तोफेने मॅनेजरला बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "मला कॅन्सर झाला होता. मी दमते. ठरल्यापेक्षा उशीर होणार. पुढच्या रांगा आधी देते, मागच्या नंतर. पटत असेल तर बोला, नाहीतर तुमचं प्लास्टिक आहेच."

"पण मागच्या रांगांत लोक बसणार कशावर?"

"मागच्या रांगेतले तसेही निम्मं नाटक झालं की उठायच्या बेतात असतात."

मॅनेजरला हसू आलं, आणि हसल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

तेव्हापासून दुपारी जेवण झालं की तोफ त्या मोठ्या खुर्चीत पाय पसरून झोपायची, भर दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. 'दुकान उघडं, तोफ बंद,' असं गल्ली म्हणायची. कुणी गिऱ्हाईक कुजबुजत "बरं नाही का?" विचारी, तेव्हा नणंद मोठ्याने सांगे, "बरं आहे, म्हणूनच झोपलीय. आजारी असताना कुठे झोप लागत होती?" काही दिवस चांगले जात. काही दिवस हातोडी उचलवत नसे. त्या दिवशी ती बसून टाके घाली आणि सगळ्यांना शिव्याही बसूनच घाली. हात कधीकधी एप्रनकडे वळे. मग ती तो मध्येच थांबवून हातात काथ्याचा बोळा घेई आणि त्याचा चुरा करी. भीती गेली नव्हती. त्या भीतीला फक्त आता गल्लीत सगळे ओळखत होते.

शेवटची रांग बसवायला सगळे नाट्यगृहात गेले. नवराही आला, खुर्च्या उचलायला म्हणाला, पण खरं म्हणजे बघायला. काम संपलं. मॅनेजर रांगांतून फिरला, इथे बसला, तिथे बसला, पाठ टेकली, मान हलवली. मग सहज विचारावं तसं म्हणाला, "आणि गॅरंटी किती धरायची, बाई?"

नणंदेच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. नवरा चष्मा काढून पुसू लागला. प्रश्न साधाच होता, प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. पण गेल्या दीड वर्षात या तिघांत पुढच्या तपासणीच्या पलीकडचं कुणी काही बोललं नव्हतं. सुट्टीत कुठे जायचं, घराला रंग कधी द्यायचा, सगळं तपासणीच्या अलीकडे येऊन थांबायचं.

"कारखानावाले दोन वर्षांची देतात," मॅनेजर म्हणाला.

"आम्हीही दोनच..." नणंद घाईने म्हणू लागली.

"दहा," तोफ म्हणाली.

मॅनेजर अवघडला. "दहा? तसं नव्हे बाई, पण तुमची तब्येत... म्हणजे दहा वर्षं म्हणजे..."

"तब्येतीची गॅरंटी मला कुणी दिलेली नाही, त्यामुळे मी तुम्हाला ती देत नाही. मी खुर्चीची देतेय. दहा वर्षांत एक जरी खचली तर सरळ माझ्याकडे यायचं. मला सांगायचं. परस्पर दुसऱ्या कुणाला हात लावू दिलात तर गाठ माझ्याशी आहे."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. दहा वर्षं हा शब्द तिने या दीड वर्षात मनातसुद्धा उच्चारला नव्हता. आता तो तीन माणसांसमोर बोलून झाला होता, आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द परत घेणं तिला कधी जमलेलं नव्हतं. नवऱ्याने चष्मा पुन्हा घातला, पण त्यातून त्याला फारसं काही दिसत नव्हतं.

मॅनेजर हसला. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाला, "बरं, मग अकराव्या वर्षी काय करायचं?"

"अकराव्या वर्षी कापड बदलायला लागेल," तोफ हातोडी पिशवीत टाकत म्हणाली. "तेव्हा रंग तरी जरा धड निवडा. मी येईन सोबत."